नळी पुसायची नाही

"फिरवू नका हो बाबा," तपासणीच्या खोलीतली मुलगी पुन्हा म्हणाली. "पिशवी सरळ धरा आणि नुसतं फुंका."

बाबांनी पिशवी सरळ धरली. नळी ओठांत घेतली, गाल जराही न फुगवता श्वास सोडायला सुरुवात केली, आणि त्यांची बोटं आपली आपण चालायला लागली. अंगठा आणि दोन बोटांच्या मध्ये ती प्लॅस्टिकची नळी गोल गोल, सावकाश. पिशवी बिचारी पिळली गेली.

"अहो, परत फिरवताय."

"हात ऐकत नाही, बाई. फिरवलं नाही तर एका बाजूला लोंबतं ते."

"काय लोंबतं?"

"काच."

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या मांडीवर माझी लेक, तिच्या तोंडात माझ्या ओढणीचं टोक. "काचेच्या कारखान्यात फुंकतात ते," मी म्हटलं. "दिव्यांचे गोळे. नळी फिरती ठेवूनच फुंकायचं असतं, नाहीतर गोळा वाकडा होतो."

मुलगी हसली. तिने नवी पिशवी काढली. "ही मी धरते. तुम्ही दोन्ही हात मांडीखाली घ्या."

आणि ज्यांच्या एका खाकरण्याने अख्खा कारखाना गप्प होतो ते आमचे बाबा पहिलीतल्या मुलासारखे स्वतःच्या हातांवर बसले आणि फुंकले.

ही पहिली पिशवी. मग तिने पेलाभर आंबटसर काहीतरी प्यायला दिलं आणि बाहेर बाकावर थांबायला सांगितलं. अर्ध्या तासाने दुसरी पिशवी. पोटात तो जंतू अजून असेल तर तो हे प्यायलेलं फोडणार आणि त्याचा वायू बाबांच्या श्वासातून पिशवीत उतरणार. नसेल तर काही येणार नाही. गोळ्या संपून महिना उलटून गेला होता. जंतू गेला की तळ ठोकून बसलाय, ते आज कळायचं होतं.

त्यावर बरंच अडलं होतं. तो तसाच असला तर पोटातली जखम पुन्हा उघडू शकते, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. तोवर भट्टीसमोर उभं राहायचं नाही. आणि त्यांनी न सांगितलेली, बाबांनी स्वतःच लावून घेतलेली एक बंदी होती. ते माझ्या लेकीला जवळ घेत नव्हते.

बाकावरही ते दुसऱ्या टोकाला बसले. लेक त्यांच्याकडे झेपावली तर त्यांनी तिच्यापुढे एक बोट धरलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने बोट घट्ट पकडलं. बोट चालत होतं त्यांना. श्वास नको.

लेकीला आम्ही सगळे ठिणगी म्हणतो. ती झाल्यावर कारखान्यातली माणसं बघायला आली, त्यांनी हे नाव ठेवलं. आम्ही हौसेने ठरवलेलं नाव दाखल्यापुरतंच उरलं.

आमच्या घरात पोटदुखीला पोटदुखी म्हणत नसत. "भट्टी लागलीय" म्हणत. बाबांची भट्टी माझ्या जन्माआधीची. कारखान्यात सगळ्यांनाच ती लागलेली, आणि त्याचं कोणाला वाईट वाटत नसे. नव्या माणसाने पहिल्यांदा बरगडीखाली हात दाबून धरला की बाकीचे म्हणायचे, "लागली याला. आता हा फुंकणारा झाला." समजूत अशी, की फुंकताना भट्टीची आच नळीतून उलटी पोटात उतरते. औषधही तिथलंच. वाळू लवकर वितळावी म्हणून काचेच्या मालात सोडा घालतात. जो वाळूसारख्या वाळूचं पाणी करतो त्याला पोटातल्या दुखण्याचं काय जड, असा त्यांचा सरळ विचार. म्हणून पाण्याच्या पिंपाशेजारी खायच्या सोड्याची बरणी असायची आणि तिच्यात एक चमचा. दुपारी एकेक जण यायचा, चमचा तोंडात रिकामा करायचा, मोठी ढेकर द्यायचा आणि चमचा बरणीत परत. बाबांचे वडीलही याच भट्टीवर होते. आबा "पोटानेच गेले" असं घरात म्हणायचे. त्यापुढे कोणी विचारलं नाही.

या सगळ्यात भरडली गेली ती आई. तिला मिरचीशिवाय घास उतरत नसे म्हणतात. या घरात आली आणि पहिल्याच वर्षी तिने मिरची सोडली. तरी आजी उठता बसता म्हणायची, "माझ्या पोराचं पोट हिच्या हाताने बिघडलं." आईने जन्मभर पांचट, पिवळं, मऊ रांधलं आणि तरी ते बाबांना बाधायचं. मग आई रात्रीच्या भांड्यांवर राग काढायची. माझ्या बालपणात भांडी फार वाजली.

गेल्या हिवाळ्यात बाबा भट्टीसमोर पडले. नळीला तापलेला गोळा होता. त्यांनी नळी तिच्या टेकूच्या लोखंडी घोडीवर नीट ठेवली, शेजारच्याला "धर" म्हणाले आणि मग पडले. पोटातून रक्त जात होतं, कितीतरी दिवसांपासून, आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात घशातून दुर्बीण घालून बघितलं. जखम दिसली. तिथला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला.

तो अहवाल येईपर्यंत आईने घरातलं प्रत्येक कपाट उपसून पुसलं. एक शब्द आम्हा सगळ्यांच्या जिभेवर होता आणि तो कोणी उच्चारत नव्हतं. मी ठिणगीला पाजताना भिंतीकडे बघत बसायचे. ती दूध पिता पिता थांबून माझं तोंड निरखायची, मग मी हसून दाखवायचे.

"कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई आम्ही बसायच्या आधीच म्हणाल्या. आई मात्र खुर्ची नसलेल्या जागी बसायला निघाली होती, मी धरली.

"जंतू आहे," त्या म्हणाल्या. "पोटात इतकं कडक आम्ल असतं, की तिथे कुठला जंतू तग धरेल असं एके काळी डॉक्टरांनाही वाटत नसे. हा धरतो. आपल्याभोवतीचं आम्ल मारत जागा करतो आणि आतल्या अस्तरात पिळासारखा शिरतो. वर्षानुवर्षं राहतो. पुष्कळांना काही त्रास होत नाही. काहींना अशी जखम होते."

बाबा लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे भट्टीत राहतो म्हणा."

"तसंच काहीसं."

"मग आमच्यातलाच आहे," बाबा म्हणाले.

"पण आला कुठून?" आईने विचारलं. "माझ्या स्वयंपाकातून?"

"नक्की कुठून ते कोणी सांगू शकणार नाही. बहुतेकांना लहानपणी घरातच लागतो. एका चमच्याने खाल्लं, एकमेकांचं उष्टं खाल्लं, असा. मोठेपणी तोंडावाटे एकाचा दुसऱ्याला जात असेल का, तर शक्यता नाकारता येत नाही. कारखान्यात एकच नळी सगळे तोंडाला लावता?"

हो म्हणून मीच सांगितलं.

"मग प्रत्येकाने आपापलं वेगळं टोक लावा नळीला. आणि ज्यांचं पोट दुखतं त्यांना तपासून घ्यायला सांगा."

बाहेर पडल्यावर आई फाटकापाशी थांबली. "म्हणजे माझ्या हातचं नव्हतं ते."

"नव्हतं," बाबा म्हणाले.

"तुमच्या आईने हे ऐकायला पाहिजे होतं." दोन पावलं चालून ती परत थांबली. "अहो, आणि मी मिरची का सोडली मग?"

बाबा रिक्षा बघायला पुढे गेले.

वेगळं टोक लावा म्हणणं सोपं. मोठा गोळा एका माणसाचा नसतोच. बाबा भट्टीतून काच उचलतात, पहिला श्वास तेच घालतात. मग बाकावर बसून नळी घोडीवर आडवी ठेवतात आणि ओल्या लाकडी साच्याने काचेला आकार देतात. त्या वेळी नळीच्या दुसऱ्या टोकाशी दुसरा माणूस वाकतो आणि फुंकतो. हा दुसरा माणूस म्हणजे गालफुग्याकाका. मला कळायला लागल्यापासून तेच. बाबांच्या ओठांवरून नळी त्यांच्या ओठांवर जायची, मध्ये पापणी लवेल एवढाही वेळ नाही. आणि कारखान्याचा एक नेम होता, तो मी चौथीत असताना डबा द्यायला गेले तेव्हा शिकले. नळी पुसायची नाही. दुसऱ्याच्या तोंडची नळी पुसून घेणं म्हणजे त्याच्या ताटावरून उठून जाणं. एकाने पूर्वी पुसली होती म्हणे. त्याच्याशी मग कोणी जोडी केली नाही.

बाबा घरी गोळ्या घेत पडले होते तेव्हा गालफुग्याकाका संत्री घेऊन आले. दारातूनच म्हणाले, "मरत नाहीस ना, उस्ताद?"

"नाही."

"मग तोंड असं का?"

"गोळ्यांनी. सगळं लोखंड चाटल्यासारखं लागतं."

"वहिनींना म्हणावं, आता तरी मीठ घाला." आई आतून म्हणाली, "ऐकू येतंय मला," आणि काका गाल भरून हसले.

मग बाबांनी उशीखालून दोन पितळी टोकं काढली. बोटाच्या पेराएवढी, आतून गुळगुळीत, नळीवर बसतील अशी. ओतकाम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून त्यांनी ती करून आणवली होती. एक काकांच्या हातात दिलं आणि जंतूचं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंपेक्षा फार वाईट सांगितलं.

काकांनी टोक बोटांत फिरवलं. "म्हणजे तुझा जंतू माझ्या तोंडचा."

"तसं नाही म्हणत. माझाच तुला गेला असेल. मला आबांचा आला असेल."

"तुझ्या तोंडची नळी मी कधी पुसली?"

"नाही."

"तू माझी पुसलीस?"

"नाही."

"आणि आता मधे पितळ घालायचं."

"तपासून घे तू. तुलाही भट्टी आहे."

"मला काय झालंय? मी धडधाकट आहे." ते उठले. माझ्याजवळ येऊन ठिणगीच्या पायाला हात लावला, "हिला रस काढून दे गं," म्हणाले आणि गेले. आईने आणलेला चहा तसाच राहिला.

"अपमान झाला त्याचा," बाबा म्हणाले. "मला कोणी असं दिलं असतं तर मीही उठून गेलो असतो."

आई कपबशा उचलायला वाकली. "टोक कुठाय दुसरं?"

काकांना दिलेलं ते टोक टेबलावर नव्हतं. "भट्टीत टाकायला नेलं असेल," बाबा म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

हे सगळं बाकावर बसल्या बसल्या माझ्या मनात फिरत होतं. समोर कोणीतरी पायरीवर फरशी पुसत होतं. ठिणगी बाबांचं बोट सोडायला तयार नव्हती.

"परवा जळजळ झाली ना?" मी विचारलं. परवा जेवणानंतर त्यांनी बरगडीखाली हात दाबला होता, तोच जुना हात. मी ताट उचलत होते.

"आईला बोललीस?"

"नाही."

"थोडीशीच. जेवणाची की त्याची, कळेना." ते खालच्या फरशीकडे बघत म्हणाले. "अजून असला तर?"

"तर दुसऱ्या गोळ्या. कधी कधी दोनदा घ्याव्या लागतात म्हणाल्या त्या."

"परत लोखंड चाटायचं." त्यांनी ठिणगीच्या मुठीतलं बोट जरा फिरवलं. "या श्वासावर घर चालवलं मी, पोरी. तुझं शिक्षण केलं. आता तोच चुगली करतो की काय बघायचं."

आत बोलावलं. दुसऱ्या पिशवीच्या वेळी कोणी सांगायच्या आत बाबा हातांवर बसले. मुलीने पिशवी धरली. त्यांनी श्वास सोडला, एकसारखा, लांब, बारीक. ती पिशवी घेऊन आतल्या खोलीतल्या यंत्राकडे गेली. दार लोटलं गेलं. बाबांचे हात तसेच मांडीखाली राहिले होते. मी आठवण केली तेव्हा त्यांनी ते काढले आणि कुठे ठेवावे ते न कळून गुडघ्यांवर ठेवले.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला. "गेला," त्या म्हणाल्या.

"सगळा?"

"सगळा. काही आढळलं नाही."

"परत यायचा?"

"मोठ्या माणसांत सहसा येत नाही."

"परवा जरा जळजळलं होतं," बाबांनी स्वतःहून सांगून टाकलं, चोरून खाल्लेलं कबूल करावं तसं.

"आम्ल कमी करायची गोळी थांबवली की काही दिवस होतं तसं. वाढलं तर या. भट्टीवर जायला हरकत नाही."

बाबा उठले नाहीत. "नातीला घेऊ?"

त्या चकित झाल्या. "अहो, तिला घ्यायला मी नाही कधी म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलं. मीच म्हटलं."

बाहेरच्या त्याच बाकावर त्यांनी हात पुढे केले. मी ठिणगीला दिलं. त्यांनी तिला तोंडासमोर धरलं, बराच वेळ नुसतं बघितलं. मग ओठांचा छोटासा चंबू करून तिच्या कपाळावरच्या जावळावर फुंकर घातली. एवढी हलकी, की केस फक्त उभे राहिले. तिने डोळे गच्च मिटले, मग उघडले आणि आता पुढची कुठे आहे म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. बाबांनी पुन्हा फुंकलं. फुंकताना तिलाही जरासं फिरवलंच. मी पाण्याची बाटली शोधायच्या निमित्ताने पिशवीत तोंड घातलं.

घरी आईने ऐकलं आणि पानं वाढायला घेतली. जेवायला बसलो तेव्हा तिच्या ताटात दोन हिरव्या मिरच्या होत्या. पहिल्याच घासाला तिचे डोळे वाहायला लागले.

"सोसवत नाही तर कशाला खातेस?" बाबा म्हणाले.

"थांबा हो. किती वर्षांचं राहिलंय." तिने नाक पुसलं आणि दुसरी मिरची उचलली.

बाबा कामावर गेले त्या पहिल्या दिवशी मी ठिणगीला घेऊन मुद्दाम गेले. तिला भट्टी दाखवायची, असं म्हटलं. बाबा डब्याबरोबर पितळी टोक घेऊन निघाले होते. जोडीला कोण उभं राहतं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

गालफुग्याकाका भट्टीशी पाठमोरे उभे होते. वळले नाहीत.

"आलास?"

"आलो."

"गेला?"

"गेला."

बाकीची माणसं हातातलं काम करत होती आणि कान इकडे होते. बाबांनी नळीवर आपलं टोक बसवलं, भट्टीतून काच उचलली, लोखंडी पाटावर लोळवली, पहिला श्वास घातला. इतक्या महिन्यांनी, पण बोटं चुकली नाहीत. नारिंगी काचेत एक बुडबुडा उमलला. ते बाकावर बसले, टोक काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि नळी घोडीवर आडवी ठेवली. तिचं उघडं तोंड काकांच्या बाजूला. बाबांनी मान वर केली नाही. ओला साचा काचेला लावला आणि एका हाताने नळी फिरवत राहिले.

काका जागचे हलले नाहीत. काच नारिंगीची लाल, लालाची काळपट व्हायला लागली.

मग काकांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. सोडताना गाठ लवकर सुटेना. आत ते पितळी टोक होतं. "बायकोने ओढत नेलं तपासायला," नळीवर टोक बसवत ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "निघाला. गोळ्या चालू आहेत. सकाळपासून लोखंड चाटतोय."

"दूध घेऊ नकोस त्याच्यावर," बाबा म्हणाले. "आणखी वाईट लागतं."

काका वाकले आणि फुंकलं. गोळा फुगला, मोठा झाला, पुरता दिव्याएवढा झाला. पण मध्ये जो वेळ गेला तेवढ्यात काच थोडी बसली होती. गोळ्याच्या मधोमध एक बारीक वळी राहिली, एक श्वास संपला आणि दुसरा यायचा होता तिथे. बाबांनी नळीवरून गोळा सोडवला. जरा निवल्यावर जाड हातमोज्यात घेऊन उजेडाकडे धरला.

"हा गेला," काका म्हणाले. असे गोळे परत भट्टीत वितळवायला जातात. "सराव करावा लागेल. टोक बदलायला वेळ लागतो."

"लागेल." बाबांनी तो तुकड्यांच्या ढिगात टाकला नाही. माझ्याजवळच्या फळीवर ठेवला. "हा ठिणगीला."

तो आता आमच्या खिडकीत आहे. दुपारी ऊन आलं की भिंतीवर एक गोल उजेड पडतो आणि त्याच्या मधून ती रेघ जाते. ठिणगी रांगत जाऊन ती चिमटीत धरायला बघते.

त्यानंतरचे गोळे हळूहळू साफ निघायला लागले. सोड्याची बरणी अजून पिंपाशेजारी आहे, चमचा मात्र कोणीतरी काढून टाकला. मी अधूनमधून डबा घेऊन जाते. बाबा पहिला श्वास घालतात, टोक काढून खिशात टाकतात, आणि नळी घोडीवर ठेवायच्या आधी स्वतःच्या बाहीने तिचं तोंड एकदा पुसतात. गालफुग्याकाका तेवढा वेळ भट्टीकडे बघत उभे असतात.